दोन बोटं मागे

कापूस फुटला की माझं डोकं फिरतं. इतरांना म्हणे प्रसन्न वाटतं. यवतमाळहून वणीकडे निघालं की दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मध्येच तुरीचा पिवळा फुलोरा, बाभळीच्या काट्यांना गाड्यांतून उडालेले कापसाचे पुंजके. बाहेरून आलेले पाहुणे गाडी थांबवून मोबाईल काढतात. काढोत बापडे. मला त्या पांढऱ्यात एक माणूस दिसतो. त्याने डोळ्याला कॅमेरा लावलेला असतो. तो आम्हाला "हलू नका" म्हणतो, आणि मग स्वतः मागे सरतो.

ते माझे वडील. गेल्या वर्षी पावसाळ्यात ते गेले आणि त्यानंतरचा वेचणीचा हंगाम आमच्या घरात त्यांच्या कॅमेऱ्याच्या दोन लेन्सांवरून धुसफुसण्यात गेला. तो हंगाम पुन्हा आठवायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण परवा पुण्याहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने आता कुठूनतरी बाबांच्या कॅमेऱ्यासारखीच जुनी जपानी रेंजफाइंडर बॉडी मिळवली आहे.

"अरे, ती रशियन लेन्स," तो म्हणाला. "या बॉडीवर डोळे सॉफ्ट येतायत आणि कान शार्प. तू तेव्हा काहीतरी मोजलं होतंस ना?"

"नंतर बोलतो," म्हणून मी फोन ठेवला.

उत्तर माझ्याकडे आहे. ते त्याला द्यावं की नाही, हे मात्र माझं ठरत नाही.

बाबा आरेखक होते. सरकारी कचेरीत नोकरीभर ट्रेसिंग पेपरवर शाईच्या रेघा ओढल्या. घरातही त्यांचं बोलणं रेघेसारखंच, सरळ आणि बारीक. शाबासकी नाही, चौकशी नाही. आमची शेती मुकुटबनला, कोरडवाहू. पहिल्या वेचणीच्या दिवशी तिथे सीतादही करायची पद्धत आहे. कपाशीच्या ओळीत खडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचं, झाडाभोवती कापसाचा धागा गुंडाळायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो शेतात शिंपडायचा. तोवर बोंडाला हात लावायचा नाही. हे सगळं आई करायची आणि बाबा तिचे नि आमचे फोटो काढायचे. एरवी कॅमेरा कपाटात असायचा.

त्या दिवसांत उजेड खालून येतो. ही कविता नाही, मी तपासलेली गोष्ट आहे. वर तिरपं ऊन आणि खाली पसरलेला कापूस, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीतली आणि हनुवटीखालची सावली पुसली जाते. बाबांना हे माहीत होतं. त्या उजेडासाठी ते आम्हाला ओळीत नेऊन उभं करायचे. सुकलेल्या बोंडांची टोकं पोटऱ्या ओरबाडायची, दव पिऊन भिजलेल्या मोज्यांत माती जायची, नाकात कपाशीच्या पाल्याचा उग्र वास. आम्ही दोघं भाऊ दात दाखवून उभे. बाबा कॅमेऱ्याच्या खिडकीत डोळा घालून कडं फिरवत. रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या खिडकीत समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात; कडं फिरवून त्या एकावर एक बसवल्या की अंतर जुळलं. बाबा त्या प्रतिमा बसवत राहायचे. आमचं हसू सुकून जायचं. मग "हलू नका" असा हुकूम, आणि त्यानंतर, बटण दाबायच्या अगदी आधी, ते पाठ ताठ करून किंचित मागे व्हायचे.

जगातला बाप लेकरांचा फोटो काढताना पुढे झुकतो. लग्नातले फोटोग्राफर झुकतात, शाळेतले झुकतात. आमचा बाप आम्हाला पाहून मागे सरायचा. शाळकरी वयातच मी त्याचा अर्थ लावून टाकला होता. वास येणाऱ्या वस्तूपासून माणूस सरतो तसे हे आमच्यापासून सरतात. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले, तो अर्थ बदलायचं कारण मिळालं नाही. अल्बममध्ये पुरावा होताच. सगळ्या फोटोंत मी आणि दादा आंबट चेहऱ्याचे, आणि आई मात्र हसरी. नातेवाईक आले की म्हणायचे, "वहिनीचा फोटो लय साजरा येते." बाबा अल्बम मिटून कपाटात ठेवायचे.

ते गेल्यावर भेटायला आलेल्यांतल्या काहींनी तेराव्याच्या आधीच विचारलं, "कॅमेरा कोणाकडं?" कॅमेऱ्याची बॉडी जपानी. तिच्याबरोबर दोन लेन्स: एक पस्तीस मिलिमीटरची, तीही जपानी, आणि दुसरी पन्नासची, रशियन, बाबांनी मागाहून घेतलेली. माणसांचे फोटो त्यांनी नेहमी त्या पन्नासवरच काढले. कॅमेरा आपल्याजवळ, म्हणजे मी आणि ती राहतो त्या घरी राहील, असं आई म्हणाली. लेन्स आम्ही भावांनी एक-एक घ्यायची.

दादा दिवाळीनंतर आला तो स्वतःचा डिजिटल कॅमेरा आणि त्यावर जुन्या लेन्स बसवायची कडी घेऊन. गच्चीवर जाऊन त्याने दोन्ही लेन्सांनी सदाफुलीचे, पाण्याच्या टाकीचे, माझ्या बायकोचे फोटो काढले आणि खाली येऊन भाषण केलं. पन्नासला कॅरेक्टर आहे. तिचा ग्लो बघ. पस्तीस शार्प आहे पण कोरडी आहे. हे लोक इंटरनेटवर एकमेकांना असंच सांगत असतात आणि मग तीच वाक्यं घरी आणतात. मी म्हटलं, "दादा, काच आहे ती. काचेला वक्रता असते, स्वभाव नसतो."

"तुला नाही कळणार," तो म्हणाला. "तू तर सूर्यास्ताचाही हिशेब तपासशील."

तपासीन. माझी नोकरीच हिशेब तपासण्याची आहे, आणि आई-बाबांचं दुखणं-खुपणं, दवाखाना, गोळ्यांच्या वेळा हे सगळं तपासायला या घरात मीच होतो. पुण्याहून ग्लो दिसतो. इथून बाकीचं दिसतं.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे थोरला वाटे सारखे पाडतो. आणि एकदा उचललेला वाटा परत ठेवायचा नाही. आईने तेच सांगितलं, "मोठ्या, तू वाटे घाल. लहान्या, सीतादहीच्या आदल्या रोजी तू उचल. मंग तोंड वाकडं करू नका." दादाने टेबलावर दोन वाटे पाडले. एका बाजूला रशियन पन्नास, एकटी. दुसऱ्या बाजूला पस्तीस, आणि तिच्याजवळ चामडी पेटी, फिल्टरचा संच, उजेड मोजायचं यंत्र, सगळं. मी पस्तीस उचलावी म्हणून तिला दागिने घातले होते. एवढा अंदाज यायला हिशेबतपासनीस असावं लागत नाही.

तेव्हा मीही माझ्या पद्धतीने पाहायचं ठरवलं. बाबांच्या ट्रेसिंग पेपरचा तुकडा कापला, कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून जिथे फिल्म असते तिथे तो ताणून चिकटवला, आणि शटर उघडं धरून ठेवलं. असं केलं की समोरचं चित्र त्या कागदावर उलटं उमटतं आणि भिंग लावून पाहता येतं. जेवायच्या टेबलावर कॅमेरा ठेवला, फिल्मच्या जागेपासून पुढे टेप पसरला आणि बरोबर एक मीटरवर आगपेटी उभी केली. बायको दारात उभी राहून पाहत होती. ती वणीची.

"लोकं बापाच्या नावानं गाईले चारा घालते," ती म्हणाली, "आन् तुम्ही टेप लावून राह्यले."

"जेवायला अर्धा तास आहे ना अजून?"

"टेबल मोकळा झाला तं हाय. नाही तं आगपेटीच खा."

पस्तीस लावली. खिडकीत आगपेटीच्या दोन प्रतिमा एकावर एक बसवल्या. कागदावर टेपचा शंभरचा आकडा लख्ख. मग पन्नास लावली, लेन्स पूर्ण उघडी ठेवून. खिडकीत प्रतिमा जुळल्या, पण कागदावर शंभर धूसर. लख्ख होता एकशेतीन. पुन्हा केलं, आगपेटी बदलून केलं, चष्मा पुसून केलं. एकशेतीनच.

मी दादाला बोलावून दाखवलं. "तुझी ग्लोवाली लेन्स खोटं बोलते. तीन सेंटीमीटर."

त्याने स्वतःच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझ्या बायकोचा फोटो मोठा केला. पन्नासनेच काढलेला. पापण्यांचे केस मोजता येत होते. "मोज," तो म्हणाला. "तुझा हात खोटा आहे."

कॅमेरा टेबलावर ठेवला होता. हाताचा संबंध नव्हता. तरी तो हसत निघून गेला आणि मी तिथेच बसलो, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्याच्या कॅमेऱ्याला खिडकी नाही. तो थेट लेन्समधून आलेलं चित्र पाहतो. म्हणजे लेन्स चांगली. आमची खिडकी पस्तीसशी बरोबर जुळते, म्हणजे कॅमेराही चांगला. चूक होती ती दोघांच्या जोडीत. जपान्यांनी आणि रशियनांनी पन्नास म्हणताना मुळात लेन्सचं नाभीय अंतरच थोडं वेगळं धरलेलं. फरक एक मिलिमीटरही नाही. पण जवळच्या चेहऱ्यावर तो तीन सेंटीमीटर होऊन पडतो. खिडकीत डोळे जुळवावे तर कान लख्ख येतात. लांबच्या माणसाला फरक पडत नाही. दोन मीटरवर चूक दुप्पट होते, पण जेवढ्या खोलीत चित्र स्पष्ट राहतं ती चौपट होते, चूक तिच्यात बुडून जाते.

मग बाबांनी याच जोडीने, याच खिडकीतून काढलेल्या फोटोंत आईचे डोळे इतके स्पष्ट कसे? मी अल्बम आणला, भिंग लावलं. घराच्या पडवीतले, शेतातल्या कडुनिंबाखालचे, अंधुक उजेडातले, जिथे लेन्स पूर्ण उघडावी लागली असणार असे फोटो. सगळ्यांत डोळे लख्ख.

कागदावर एकशेतीन स्पष्ट आहे, शंभर हवा आहे. तर मग काय करायचं? मी कडं न हलवता कॅमेराच टेबलावरून मागे ओढला. दोन बोटं. आगपेटीची कड चाकूसारखी उमटली.

दोन बोटं मागे. मी खुर्चीत ताठ झालो होतो. पाठ मागे गेली होती. ते कोणाचं बसणं आहे हे मला आरशाशिवाय समजलं, आणि आनंद तर मुळीच झाला नाही. उलट संताप आला. एवढंच होतं? आणि सांगितलं नाही? "बाळांनो, लेन्सची चूक आहे म्हणून मी सरतो," एक वाक्य. ते वाक्य मिळालं असतं तर मी शाळकरी वयात जो अर्थ लावला तो लावला नसता. शिवाय हिशेब पुरता जुळतही नव्हता. शेतातल्या भर उन्हात लेन्सचं तोंड बारीक करावं लागतं, आणि तोंड बारीक असलं की मागे-पुढे बरंच काही स्पष्ट येतं. तीन सेंटीमीटरांना तिथे किंमतच नाही. उन्हात सरायची काडीमात्र गरज नव्हती. तरी ते सरायचे, मला चांगलं आठवतं. म्हणून मी निकाल दिला: सावलीतलं सरणं माफ, उन्हातलं नाही.

राहिला प्रश्न निवडीचा. पन्नास घेतली तर दादाचा डाव मोडतो, पण मग आयुष्यभर आपल्याच माणसांसमोर मागे सरत बसावं लागणार. पस्तीस घेतली तर सरायला नको, पण दादा जिंकतो. दादावरचा राग मोठा की बाबांवरचा, एवढंच ठरवायचं होतं. सीतादहीच्या आदल्या संध्याकाळी मी पस्तीस उचलली. चामडी पेटी, फिल्टर आणि उजेडाचं यंत्र दादाकडे परत सरकवलं.

"हे कशाला?" तो म्हणाला.

"दागिने नकोत."

त्याने पन्नास खिशात घातली. तो तीन सेंटीमीटरांचा फरक कसा भरून काढायचा, ते त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुकुटबनला शेतात होतो. दव आटलं होतं, वेचणाऱ्या बाया कमरेला ओट्या बांधून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या होत्या. दादाचं म्हणणं होतं की आता पूजा सुनेने करावी, लोक नावं ठेवतात. आईने खडे मांडता मांडता वर न पाहता विचारलं, "जमिनीले काय समजते रे मी कोण होय ते?" दादाने दहीभाताचं भांडं तिच्याजवळ ठेवलं. स्वतःच्या कपाळाला तिने काही लावलं नव्हतं. खड्यांना मात्र हळदकुंकू ठसठशीत. धागा गुंडाळला, दहीभात शिंपडला. तो पानांवर पडला तेव्हा पांढऱ्यात पांढरं दिसेनासं झालं. मग सवयीने तिथेच ओळीत उभी राहिली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे तोंड केलं.

कॅमेऱ्यावर माझी पस्तीस होती. ऊन स्वच्छ, खालून कापसाचा उजेड. मी जवळ गेलो, खिडकीत आईच्या दोन प्रतिमा एकावर एक बसवल्या आणि सरळ उभं राहून बटण दाबलं.

"अगं बाई, दाबलं?" आई म्हणाली. "अजून तू मांगं तं सरकलाच नाही!"

"कोण मागे सरकतं, आई?"

"तुये बाबा सरकत जात ना. ते मांगं झाले का मंग मी हासत जावो. मले मालूम राहे, आता दाबते म्हणून. तुमी दोघं आधीच दात काढून ठेवा, मंग ते दाबेपर्यंत तुमचे तोंडं आंबट."

दादा मोठ्याने हसला. मी नाही हसलो. "पण उन्हात त्यांना सरायची गरज नव्हती," मी म्हटलं.

"हे तुले कोनं सांगतलं?" तिने पदराने हाताचं दही पुसलं. "तेही असंच म्हनत. लग्न नवं होतं तवा एकडाव सरकलेच नाही. म्हने, आज ऊन चांगलं हाय, गरज नाही. मले का मालूम? मी वाट पाहत राह्यली, त्यायनं दाबून टाकलं. फोटो धुऊन आला तं माहं तोंड हे असं, सुतक असल्यावानी. पाहत बसले बराच येळ. बोलले काहीच नाही. पन तवापासून ऊन असो का सावली, सरकल्याबिगर फोटो नाही काढला त्यायनं."

धुऱ्यावरून सुमनबाई ओरडली. आमच्या शेतावर वेचणीच्या बाया तीच आणते. "ओ भाऊ, दाबा ना लवकर! कापूस वेचाचा हाय का फोटोच वेचाचे?"

"सरक ना रे," आई म्हणाली.

मी पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स पस्तीसची, नेमकी, जिला सरण्याची गरज नाही. भर ऊन, तोंड बारीक, ज्यात सरून काही उपयोग नाही. प्रतिमा जुळवल्या आणि पाठ ताठ करून दोन बोटं मागे झालो. खिडकीत आई हसली. तसंच, अल्बमभर हसली आहे तसं. मी बटण दाबलं.

नंतर बाया ओळींत शिरल्या, बोंडांतून कापूस सुटायचा तो हलका चर्र आवाज सुरू झाला, आणि मी त्या पांढऱ्यात रिकाम्यासारखा उभा राहिलो. इतक्या वर्षांचा राग होता, नीट जपलेला, पुराव्यांसकट. तो ठेवायला उन्हातली तेवढी एक जागा मी राखून ठेवली होती, तीही गेली. आमच्यासाठी ते एक वाक्य बोलले नाहीत हे खरं आहे आणि ते खरंच राहील. पण ज्या सरण्यावर मी खटला चालवत होतो ते आमच्याबद्दल नव्हतंच. सावलीत ते लेन्ससाठी होतं आणि उन्हात तिच्यासाठी. मी दादाच्या खिशाकडे पाहिलं. खिसा फुगलेला होता. उचललेला वाटा परत ठेवायचा नसतो, आणि मागायचाही नसतो.

आता पुन्हा कापूस फुटला आहे. आईने आज दही विरजलं, उद्या मुकुटबन. दादा येणार नाही म्हणाला होता, मग दुपारी कळलं की येतो आहे, नवीन जुनी बॉडी आणि पन्नास घेऊन. म्हणजे आईसमोर उभा राहणार, खिडकीत डोळे जुळवणार, आणि ग्लो पाहत तसाच दाबणार. त्याची फजिती पाहायला मला आवडलं असतं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडेल. पण फजिती त्याची झाली तरी फोटोत तोंड आईचं जाईल.

संध्याकाळी मी फोन लावला. तो नागपूरच्या गाडीत होता.

"डोळ्यांवर जुळव," मी म्हटलं, "आणि मग दाबायच्या आधी दोन बोटं मागे सर."

"चेष्टा करतोस?"

"तीन सेंटीमीटर. लेन्समध्ये आणि बॉडीत तेवढा फरक आहे. बाबा तेच करायचे."

 मग त्याने विचारलं, "आणि उन्हात? तोंड बारीक केल्यावर?"

"उन्हात गरज नसते," मी म्हटलं. "आई समोर असली तर तरी सर."

तो काही बोलायच्या आत मी फोन ठेवला.